गैरहजेरीचं पान

टपाल मळवली
ता. २१ मार्च १९४८

चि. सावळा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे बाजूला ठेवशील, हे मला ठाऊक आहे. आधीची चारही तशीच ठेवली असशील. म्हणून पहिल्यांदा तुझ्या आईचा निरोप लिहितो, माझं नंतर. तिचं वाचून झालं की खालचं फाडून टाकलंस तरी चालेल.

सावित्राबाई म्हणते, ''सावळ्याला लिवा, यंदा राब भाजलाय. रोपं टाकनार हाय. बांध दोन जागी फुटलाय, यंदाच्या पावसात खाचर टिकायचं न्हाई, माती समदी वढ्याला जाईल. बापाच्या मागं खाचराचा धनी त्यो हाय. त्यानं येऊन इर्जिक बोलवावी. माजं वय झालंय. एकदा आपल्या खाचरातला भात खाऊन मरीन.''

एवढा निरोप. शब्द तिचेच ठेवले आहेत, मी सुधारले नाहीत. पूर्वी सुधारत असे.

आता माझं. तुला आठवत असेल, इर्जिकीला खाचराच्या धन्यानं स्वतः दारोदार जाऊन बोलवावं लागतं. निरोपावर कोणी जात नाही आणि न बोलावता तर नाहीच. मजुरी नाही, हिशेब नाही. आज सगळे मिळून तुझी लावणी करतील, उद्या माझी. धन्यानं दुपारी जेवायला घालायचं, की झालं. सावित्राबाईनं बोलावलं तर चार जण जातीलही, पण तिचा हट्ट आहे की तूच यावंस. नवसू गेल्यावर ती एकटी वाडीला परतली, पण खाचर दहा वर्षं पडीकच आहे. नवसूनं बांधलेला बांध म्हणून एवढा तरी टिकला.

मी रिटायर झालो. रोज नाही, पण आठवड्यातून दोनदा लोणावळ्याला जाऊन वाचनालयात बसतो. आपल्या देशाच्या घटनेचा मसुदा छापून आला आहे. पुण्याचं वर्तमानपत्र त्याचा गोषवारा मराठीत देतं. कोणाला काही सुचवायचं असेल तर दिल्लीला कळवावं असं म्हणतात, आणि सुचवायची खोड तर मला जन्मापासून. कागद आणून बसलो आहे.

त्यात एक भाग आहे, सरकारनं कारभार कोणत्या दिशेनं करावा याचा. सगळ्यांना पोटापुरतं काम मिळावं, मजुरी जगण्याइतकी असावी, चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना दहा वर्षांत फुकट शाळा मिळावी. बेकारी, म्हातारपण, आजारपण यांत सरकारनं माणसाला हात द्यावा. वाचताना डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. पण सुरुवातीलाच म्हटलं आहे की यातलं काहीच कोर्टात जाऊन मागता येणार नाही. तत्त्वं मूलभूत आहेत, ती पाळणं सरकारचं कर्तव्य आहे, आणि नाही पाळली तर मात्र कोणी जाब विचारू शकत नाही. मला फार राग आला. छडीशिवाय शाळा चालवायला निघालेत, असं वाटलं. चावडीवर लोकांना वाचून दाखवलं. तुझी आई पायरीवर बसली होती. तिनं विचारलं, ''आन न्हाई केलं तर?''

म्हटलं, ''तर काही नाही.''

ती म्हणाली, ''मंग इर्जिकीवानी हाय म्हना की.''

मी म्हटलं, तेच तर दुखणं आहे, बाई. धाक नसला की काय होतं ते आपण इर्जिकीत पाहिलं. धाक नव्हता म्हणून तर ती मोडली. ती पदर सावरत उठली आणि म्हणाली, ''आदी मोडली न्हवती, गुरुजी.'' आणि गेली वर वाडीला.

तेव्हापासून कागद तसाच पडला आहे. तू ये.

भिमाजी गुरुजी

*

ता. ९ एप्रिल १९४८

चि. सावळा,

उत्तर नाही. मी अपेक्षाही केली नव्हती, तरी कर्जतची गाडी गेली की टपालवाल्याच्या वाटेकडे नजर जाते. कर्जतला रेल्वेत तू आता मुकादमाच्या हाताखाली लिहिण्याचं काम करतोस असं कळलं. ऐकून बरं वाटलं. तुझ्या अक्षराचं कौतुक मी इन्स्पेक्टरसाहेबांसमोर केलं होतं. आठवतं का, त्यांनी तुझी पाटी उलटसुलट करून पाहिली होती, मागून कोणी लिहून दिलंय की काय म्हणून.

त्या दिल्लीच्या कागदापायी जुनी ट्रंक उघडली. मनात होतं की उदाहरण द्यावं: आमच्या गावात एक चांगली रीत होती, तिला नियमाचा आधार नव्हता म्हणून ती ढासळली, सबब तत्त्वांना कोर्टाचा आधार द्यावा. ट्रंकेत ग्रामसुधार मंडळाची वही सापडली. निळ्या पुठ्ठ्याची. तूच तिला कव्हर घातलं होतंस.

तुला सगळं माहीत आहे, तरी लिहितो, कारण लिहिता लिहिता मलाच तपासायचं आहे. सन छत्तीसमध्ये मंडळ निघालं. कोंडाजी पाटील अध्यक्ष, मी चिटणीस. गावातली दोन-तीन मोठी घरं इर्जिकीला सगळ्यांना बोलवायची आणि दुसऱ्याच्या बांधावर जायची वेळ आली की त्यांच्या घरी कोणाचं तरी पोट दुखायचं. वाडीच्या लोकांवर हा सरळ अन्याय होता. मी मास्तर. मला एकच औषध माहीत, हजेरी. इर्जिकीची हजेरी मांडायची ठरलं. नियम असा: जो इर्जिकीला गैरहजर राहील त्याच्या शेतावर त्या साली कोणी जाऊ नये. छान नियम वाटला सगळ्यांना. मला तर फारच. मी तो लाल शाईनं लिहिला होता, अजून उठून दिसतो.

पहिल्या वर्षी काय झालं ते तूही पाहिलंस. मोठ्या घरांनी आपले सालगडी पाठवले. घराची हजेरी लागली. धनी माडीवर बसून चहा प्यायले. नियमात सालगड्याची मनाई नव्हती, कारण लिहिताना मला ते सुचलंच नाही. आणि पूर्वी न येणाऱ्याला चार माणसांत जी थोडी लाज वाटायची तीही गेली. वहीत नाव होतं ना.

दुसऱ्या वर्षी, सदतीसच्या आषाढात, कोंडाजींच्या शेतावरच्या इर्जिकीला नवसू गैरहजर होता. मंडळाची बैठक झाली. नियमाप्रमाणे व्हायचं ते ठरलं. तुमच्या खाचरावर त्या साली कोणी आलं नाही. तुम्ही तिघांनी अर्धं लावलं, बाकीची रोपं राबाच्या वाफ्यातच पिवळी पडून गेली. मार्गशीर्षात तुम्ही बोरघाटाच्या कामावर गेलात, आणि दुसऱ्या पावसाळ्यात नवसू तिथे तापानं गेला.

हे असं लिहिलं की कोणाचाच दोष दिसत नाही. बैठक झाली, ठरलं, गेलात, गेला. शाळेत मी तुम्हाला प्रयोग शिकवायचो ते आठवलं. कर्ता गाळून वाक्य छान बसतं.

रोपं टाकायचा दिवस जवळ येतोय. आईला दोन ओळी लिही. मला नको.

भिमाजी

*

ता. २ मे १९४८

चि. सावळा,

तुझं कार्ड काल मिळालं. अकरा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं, पहिल्यांदा तेच पाहत बसलो. मग वाचलं.

''आईला सांगा, मी येणार नाही. इर्जिक बोलवायची म्हणजे कोंडाजी पाटलाच्या दारात पाय ठेवावा लागेल. ज्यानं माझ्या बापाला वहीतून काढलं त्याच्या दारात मी जाणार नाही.''

सावळा, कार्ड मी पुन्हा वाचलं. तुला माहीत नाही. एवढी वर्षं मी समजत होतो की तुला माहीत आहे, म्हणून तू मला लिहीत नाहीस, म्हणून माझी पत्रं फोडत नाहीस. तू तर केवळ गाव टाकलं होतंस. नवसूनं तुला सांगितलंच नाही.

आता मला सांगावं लागेल. मागच्या पत्रात मी जे लिहिलं ते खोटं नव्हतं, पण त्यात मी नव्हतो.

तुझा बाप त्या दिवशी कुठे होता हे तुला माहीत आहे. सगळ्या गावाला माहीत होतं. माझ्या घरी अंबू दोन दिवस अडली होती. आमची आधीची तिन्ही मुलं गेली होती, आणि सुईण म्हणाली आता माझ्या हातात नाही. स्टेशनच्या वाटेवर इंद्रायणीचं पाणी चढलेलं. पहाटे मी वाडीत आलो. नवसू इर्जिकीला निघण्यासाठी इरलं घेऊन दारात उभा होता. मी एवढंच म्हटलं, ''नवसू, लोणावळा.'' त्यानं इरलं तिथेच टेकवलं. झोळी बांधली, डोंगराच्या कडेकडेनं नेली. मागचा दांडा मी आणि माझा मेव्हणा आळीपाळीनं धरत होतो, दर फर्लांगाला बदलत होतो. पुढचा दांडा सबंध वाट त्याच्याच खांद्यावर होता. दवाखान्यात पोचलो तेव्हा त्याच्या खांद्याचं कातडं गेलं होतं. संध्याकाळी नंदा झाली. अंबूही वाचली.

मी गावात नाही म्हणून हजेरीची वही तुझ्याकडे होती. निघताना मी तुला बजावलं होतं, ''दिसेल ते लिही, कोणाची भीड धरू नकोस.'' तू तेरा वर्षांचा. बापाच्या नावापुढे तू 'गै' लिहिलंस. तुझ्या हातानं. ते मी परवा पुन्हा पाहिलं. 'गै'ची दुसरी मात्रा किंचित थरथरली आहे.

तिसऱ्या दिवशी मी परतलो. मारुतीच्या देवळात बैठक बसली. कोंडाजी, दोन पंच, मी. तुला वाटतं कोंडाजींनी तुझ्या बापाला काढलं. कोंडाजी काय म्हणाले ते ऐक. ते म्हणाले, ''गुरुजी, जाऊ द्या की. मानूस तुमच्याच घरासाठी गेलता. माजी लावनी काय त्याच्याबिगर आडली न्हाई. पुसून टाका ते.'' दोन्ही पंचांनी माना हलवल्या. विषय तिथे संपला होता.

मी संपू दिला नाही.

मी म्हटलं, ''नियमात आजारपणाची सवलत नाही. आज माझ्या बायकोसाठी नियम वाकवला तर उद्या लोक म्हणतील, मास्तरानं आपल्यापुरता कायदा केला. नियम म्हणजे नियम.''

कोंडाजी माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, ''तुमचं तुमी बगा, गुरुजी. मला तर ह्ये बरं दिसत न्हाई.'' पण मी लिहिणारा, शिकलेला, त्यांनीच आणून बसवलेला. माझ्यापुढे ते गप्प बसले. ठराव मी लिहिला. सही अध्यक्षाची पाहिजे म्हणून त्यांनी केली. गावानं सही पाहिली.

मला त्या दिवशी काय वाटत होतं सांगू? मला अभिमान वाटत होता. आपल्याच माणसाला सोडलं नाही, केवढा मी निःपक्षपाती! माझी बायको ज्याच्या खांद्यावरून गेली त्यालाच मी नियम लावला, ही गोष्ट पुढे लोक सांगतील असंही मनात येऊन गेलं. लाज म्हणून वाटली नाही. ती फार उशिरा आली.

आणि नवसू देवळाच्या पायरीवर बसला होता. त्यानं सगळं ऐकलं. मी बाहेर आलो तेव्हा तो उठला. मला वाटलं काही बोलेल, मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्यानं विचारलं, ''आक्का बरी हाये का? आन पोर?'' मी म्हटलं, बरी आहेत. ''मंग झालं,'' म्हणाला आणि निघाला. दोन पावलं गेल्यावर वळून म्हणाला, ''माज्या पोराला हेतलं काय सांगू नगा. तुमी त्याचं गुरुजी हाय.''

मला वाटलं रागात बोलला. नंतर सांगितलंच असेल घरी. कोण बाप नाही सांगणार? काल तुझं कार्ड आलं तेव्हा कळलं की त्यानं मरेपर्यंत सांगितलं नाही. तुझ्या मनात तुझा मास्तर खराब होऊ नये म्हणून. आणि तू ज्यानं 'पुसून टाका' म्हटलं त्याच्यावर अकरा वर्षं रागावून बसलास.

अंबूला महिन्यानं कळलं. ती माझ्याशी भांडली नाही. एकदाच म्हणाली, ''मला त्यानं खांद्यावरनं न्हेलं, आन तुमी त्याला वहीतनं काढलं.'' ती ओली बाळंतीण, दीड महिन्याची नंदा आपल्या आईपाशी ठेवून तुमच्या खाचरावर गेली होती. रोपं तेव्हा पिवळी झाली होती. तुझ्या आईनं तिला भाकरी खायला घालून परत पाठवलं. पाच वर्षांपूर्वी अंबू गेली. शेवटपर्यंत मला 'गुरुजी' म्हणायची, पूर्वी म्हणत नसे.

आता तुझा राग योग्य पत्त्यावर येईल. तो येऊ दे. पण कोंडाजींच्या दारात जायला तुला काही अडचण नाही, एवढं समजून घे. खाचर वाचव. माझ्यासाठी नव्हे.

भिमाजी

*

ता. ३० मे १९४८

सावळा,

तुला लिहिलं तेवढ्यानं भागत नव्हतं. गाव अजून कोंडाजींची सही बघत होतं.

मागच्या रविवारी चावडीवर वही घेऊन गेलो. लोकांना वाटलं, घटनेचं पुढचं वाचणार. दोघंतिघं तर उठायच्या बेतात होते. मी वही उघडली आणि पान वाचलं, मग बैठकीत काय झालं ते सांगितलं, जसं तुला लिहिलं तसंच.

कोंडाजी आता पासष्टीचे आहेत. काठी टेकून उभे राहिले. ''आकरा वर्सं वाडीवरची मानसं माज्या दारावरनं मान फिरवून जात्यात,'' म्हणाले. ''मला वाटलं सहीमुळं. मी बी म्हनलं, सही माजी हाय, भोगू. आन तुमी, गुरुजी, माज्या वसरीला बसून च्या पीत हुतासा!'' एवढं बोलून ते गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तुझी आई पायरीवरच होती. जाताना वळूनही पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं वाडीच्या पोराकडून निरोप धाडला, पत्र लिहायला नंदाला वर पाठवा. मी पाठवली. तेव्हा यापुढे आईची पत्रं नंदाच्या हातची येतील. वळण माझंच आहे, मीच शिकवलं, पण पाकीट फोड. त्यात मी नाही.

मनात आलं होतं, 'गै' खोडून 'ह' लिहावं. टाक दौतीत बुडवलाही. मग थांबलो. तू लिहिलंस ते बरोबर होतं. तुझा बाप कोंडाजींच्या शेतावर नव्हता, तू दिसलं ते लिहिलंस. चुकलं ते माझ्या वाचण्यात. खोडाखोड केली तर दोष पुन्हा तुझ्या अक्षरावर जाईल. म्हणून ते तसंच ठेवलं आणि खाली माझ्या हातानं लिहिलं: 'नवसू त्या दिवशी चिटणिसाच्या बायकोस झोळीतून लोणावळ्यास नेत होता. चिटणिसास हे ठाऊक होतं.' खाली तारीख घातली आणि सही केली.

दिल्लीच्या कागदाचं विचारशील तर, मुदत बहुधा टळली. मी पाठवला नाही. काय लिहू? कोर्ट द्या असं लिहायला बसलो की मला देवळातला भिमाजी दिसतो. कायदा हातात होता, अंमलही होता, छडीसुद्धा होती. फक्त कायदा कशासाठी केला ते तो विसरला होता. आणि कोर्ट नको, सरकारच्या लाजेवर सोपवा, असंही मला लिहवत नाही. लाजेचा मला अनुभव आहे. ती यायला अकरा वर्षं लागली, आणि तेवढ्यात एक माणूस मेला. मोठमोठे लोक तिकडे डोकं लढवताहेत, त्यांना माझ्यापेक्षा जास्त समजत असेल. मी एवढंच करतो की 'आजारपण' हा शब्द जिथे छापला आहे ते कात्रण वहीच्या त्या पानात ठेवून देतो.

राबात बी टाकलं आहे, आता पहिल्या पावसाची वाट. नंदा रोज बघून येते.

भिमाजी

*

ता. १८ जुलै १९४८

सावळा नवसू यांस,

तू कर्जतला पोचला असशील. हे पत्र लिहावं की नाही, दोन दिवस ठरत नव्हतं. लिहितो, कारण माझ्याजवळ लिहिण्याशिवाय दुसरं काही नाही.

तू येणार हे मला कोणी सांगितलं नव्हतं. बुधवारी सकाळी ओट्यावर बसलो होतो. वरच्या आळीकडून आवाज आला, ''बापू, उद्या इर्जिक हाय, यावा.'' आवाज नवसूचा वाटला. मग तू वळणावर दिसलास, डोक्यावर रेल्वेची टोपी, पायात वहाणा नाहीत. मागं आई.

तू कोंडाजींच्या दारात गेलास तेही मी पाहिलं. किती वेळ आत होतास! ते बाहेर तुला सोडायला आले तेव्हा त्यांचा हात तुझ्या खांद्यावर होता. काय बोललात ते मला माहीत नाही. मला माहीत असायचं कारणही नाही.

मग तू एकेक दार घेत इकडे यायला लागलास. खरं सांगतो, मी धोतर खोचून तयार होतो. इरलं सकाळीच काढून ठेवलं होतं. सव्वीस वर्षं मास्तरकी केली, लावणी विसरलो असेन, पण रोपांच्या मुठी पोचवायला तरी मी चाललो असतो. शेजारच्या झुंबरबाईच्या दारात तू बोललास. मग माझ्या दारासमोर थांबलास.

तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. नंदा उंबऱ्यात उभी होती. तिला म्हणालास, ''नंदे, उद्या येतीस का? माज्या बापानं आनलेली तू. तुजं आवतन पयलं.''

ती माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, ''जा.'' तू पुढे गेलास.

गुरुवारी सबंध दिवस मी घरात होतो. पाऊस लागून होता. वारा इकडचा झाला की वरच्या खाचरातली गाणी ऐकू यायची. संध्याकाळी नंदा आली, गुडघ्यापर्यंत चिखल, ओठ थंडीनं निळे, आणि बोलणं थांबेना. चौदा घरं आली होती म्हणाली. मोठ्या घरांचे गडीही आले आणि दोघे धनीसुद्धा, स्वतः. कोंडाजी पाटील बांधावर बसून मुठी फेकत होते आणि एकही नेमकी पडत नव्हती. बांधाची दोन्ही खिंडारं सकाळीच दगड रचून बुजवली. दुपारी नाचणीची भाकरी आणि खेकड्यांचा रस्सा. सावित्राबाईनं हिला दोनदा वाढलं. दिवस मावळायच्या आत खाचर हिरवं झालं. कोण आलं, कोण नाही, हे कोणी लिहिलं का, असं मी विचारलं. माझीच खोड. ती म्हणाली, ''कशाला?''

मग पाय धुताना म्हणाली, ''आबा, तुम्हांला का नाही बोलावलं?''

मी तिला सगळं सांगितलं. तिचा जन्म, झोळी, देऊळ, वही. अकरा वर्षांची आहे, पण ऐकून घेतलं. नंतर विचारलं, ''मग न बोलावता का नाही गेलात? माफी मागायला?''

म्हटलं, ''इर्जिकीला न बोलावता जात नाहीत, बाळ.''

वही तिच्याबरोबर तुझ्याकडे पाठवणार होतो, पण पावसात भिजली असती. तुला हवी असेल तेव्हा ने. तुझंच अक्षर आहे तिच्यात.

नंदा आता रोज खाचरावर जाते. तण काढायला सावित्राबाईनं तिला सांगितलं आहे. येते आणि मला सांगते, पाणी केवढं आहे, रोप कसं धरलं आहे. मी ऐकतो. तुझ्या आईच्या ताटात तो भात दिवाळीनंतर येईल. तेव्हा तू असावंस, एवढं वाटतं.

पुढच्या आषाढात तू पुन्हा दारोदार जाशील. मी ओट्यावर असेन, इरलं शेजारी ठेवून. तू माझ्या दारात थांबावंस असा काही नियम नाही.

भिमाजी